रकाना नववा : इतर

फुटाळ्याच्या वरच्या अंगाला पत्र्याचं शेड आहे.
सकाळी सहा ते नऊ, दुपारी तीन ते पाच
मी तिथं बसून मोजतो.
दर पाच मिनिटांनी प्रत्येकीकडे एक नजर, एक खूण.
उभी. बसली. खाते. पिते. पिसं साफ करते.
फिरते. शेजारणीला टोचते. जाळीला टोचते.
आणि शेवटी, बोटभर रुंदीचा, नववा : इतर.

डावीकडे बारा पिंजरे गावरान,
कुही-भिवापूरच्या बाजारातून आणलेल्या.
एक काळीकुट्ट, एक जोंधळ्याच्या रंगाची,
एकीच्या मानेवर पीसच नाही.
उजवीकडे बारा पांढऱ्या, कंपनीच्या,
पायातल्या कड्यावरचा आकडा वाचल्याशिवाय
कोण कुठली ते कळत नाही.
खोब्रागडे मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
नावं ठेवायची नाहीत. दोन्ही अर्थांनी.
मी नाही ठेवली.
झाडायला येणाऱ्या दुर्पताबाईनं ठेवली, तिला कोण सांगणार.

पहिला आठवडाभर गावरानींनी पिंजरा मानलाच नाही.
अंडं द्यायच्या आधी चाळीस चाळीस मिनिटं
त्या आडोसा शोधायच्या,
चारही कोपरे सारखेच उघडे, तरी पाचव्यांदा तपासायच्या.
पांढरी तोवर मोकळी झालेली असे.
अंडं उतारावरून घरंगळत पुढच्या पन्हाळीत,
तिची चोच पुन्हा दाण्यात.

एकदा पत्र्याच्या फटीतून घारीची सावली सरकली.
डावीकडून एक लांब, बारीक आवाज निघाला
आणि बारा माना तिरक्या झाल्या, एकेक डोळा आभाळाकडे.
उजवीकडे टकटक चालूच.
मला वाटलं, झालं, सापडला निष्कर्ष :
ह्यांना आठवतं, त्यांना आठवत नाही.
वहीच्या मागच्या पानावर मी तो लिहूनही टाकला.

मग नवतपा लागला.
कूलरच्या ताटीतून वाळ्याचा वास सोडून काही येईना.
सगळ्या चोची उघड्या, सगळे पंख अंगापासून सुटलेले,
आणि त्यातच सात नंबरची गावरान
पिसं फुगवून रिकाम्या जाळीवर बसली, उठेचना.
‘खुडूक झाली न बाप्पा ते,’ दुर्पताबाई म्हणाली,
‘आमच्याकडे नाकात पीस खुपसते, नाही तं पाण्यात बुचकळते.
खाली अंडं नाही म्हून तिले तूच सांगून पाहाय.’
मी खूण केली : बसली.
दुसरा रकाना. चार दिवस. एकाखाली एक.

शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी
चारशे सतरा नंबरच्या पांढरीनं
चोचीनं थोडं खाद्य स्वतःकडे ओढलं,
छातीवर बसली, कुशीवर कलली,
एक पंख उघडला, आणि तारेवर पाय खरवडत
नसलेली माती उपसून पाठीवर घ्यायला लागली.
तिची आई यंत्रात उबवलेली. आजीही.
उकिरडा, परसातला खळगा, चुलीमागची राख
ह्यातलं काही तिच्या सात पिढ्यांनी पाहिलेलं नाही.
तरी ती मानेचा मागचा भाग विसरली नाही,
पंखाखालची जागा विसरली नाही,
डोळे अर्धे मिटून, ह्या कुशीवरून त्या कुशीवर,
हक्कानं न्हात होती.

मग उभी राहिली आणि सगळं अंग झाडलं.
शेजारच्या पिंजऱ्यातली दोन पावलं मागे सरली,
जणू धूळ तिच्या डोळ्यात जाणार होती.

मी पेन्सिल नवव्या रकान्यावर टेकवली.
तिथंच राहिली.
त्या वेळच्या बाकी तेवीस ओळी कोऱ्या आहेत.
मॅडमनी विचारलं तर सांगेन,
लाइट गेली होती.